लँड्सपासूनचं अंतर: मोजून ठरवायचं की निशाणावर?

धागा

अमेरिकेत रायफलची काडतुसं स्वतः भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी. उदाहरण .३०८ विंचेस्टर, रेमिंग्टन ७०० रायफल, एफ-टीआर (बायपॉडवर टेकवून लांब पल्ल्याची) नेमबाजी.

माझं मत: गोळी लँड्सना (नळीच्या आतल्या आट्यांमधले उंच पट्टे) कुठे टेकते हे मोजल्याशिवाय सीटिंग डायला (काडतुसाच्या पितळी केसमध्ये गोळी दाबून बसवणारा साचा) हात लावू नये. पुस्तकातली २.८१० इंच ही काडतुसाची कमाल लांबी सगळ्यांच्या रायफलींत काडतूस मावावं म्हणून ठरलेली आहे. तुमच्या थ्रोटबद्दल (चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, आणि लँड्स यांच्यामधला भाग) त्यातून काहीच कळत नाही.

बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा खिळा) दोन्ही काढा. इजेक्टरची स्प्रिंग राहिली तर ती केस पुढे रेटते आणि हँडलचा अंदाज चुकतो. याच चेंबरमधून उडालेली केस फुल-लेंथ साइझ करून (पूर्ण लांबीभर डायमध्ये दाबून मूळ मापाला आणून) रिकामीच घाला. हँडल आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे. मग तिच्यात, दारू आणि प्रायमर न घालता, गोळी मुद्दाम लांब बसवा. हँडल अडेल. दर खेपेला दोन-तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत दाबत जा. हँडल मोकळं पडायला लागल्यावरही उघडताना ‘टिक’ असा हलका झटका लागत असेल, तर गोळी अजून रुततेच आहे. तो गेला की कॅलिपरला कम्पॅरेटर (गोळीच्या ठरावीक जाडीवर टेकणारा जोड) लावून केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंत (गोळीचा पुढचा निमुळता बाक) मोजा. टोकापासून मोजू नका, होलो-पॉइंटची टोकं एकाच डब्यात दहा-दहा थाऊंनी कमीजास्त निघतात.

मी तिथून २० थाऊ मागे सुरुवात करतो.

प्रतिसाद १

मोजण्याची रीत चोख, निष्कर्ष पटला नाही. वीसच का? थ्रोट प्रत्येक बाराला झिजतो, लँड्स पुढे सरकत जातात. आज मोजलेला आकडा काही शे बारांनंतर जुना होतो, आणि लोक दर महिन्याला गोळी पुढे काढत बसतात. अशाने चांगलं चाललेलं लोड हातचं जातं.

अंतर कागदावरच्या ग्रुपवरून (भोकं किती जवळजवळ पडतात त्यावरून) ठरवा. बर्जर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने आपल्या व्हीएलडी (हवेचा रोध कमी असलेल्या लांब निमुळत्या) गोळ्यांसाठी सुचवलेले टप्पे बघा: १० थाऊ लँड्समध्ये, मग ४०, ८० आणि १२० थाऊ मागे. टप्पे इतके लांब मुद्दाम ठेवलेत, कारण सीकंट ओजाइव्हची (बाक अंगाला कोनात मिळतो अशी) गोळी कुठल्या पट्ट्यात खूश असेल ते आधी सांगता येत नाही. टँजंट ओजाइव्ह (बाक अंगात सलग मिसळतो अशी) तेवढी नखरेल नसते. चांगला पट्टा सापडला की त्यात बारीक पावलं टाका आणि ग्रुप पसरेपर्यंत डायला हात लावू नका.

प्रतिसाद २

बोल्ट उघडायची खटपट नको म्हणून बरेचजण लँड्सपर्यंतचं अंतर मोजायला हॉर्नडी कंपनीचं गेज वापरतात. त्यात एक खोट आहे. सोबतच्या मॉडिफाइड केसचा (बुडाला आटे पाडलेली, गेजवर बसणारी केस) खांदा तुमच्या उडालेल्या केसपेक्षा बुडाच्या जवळ असतो. केस चेंबरच्या खांद्याला टेकवल्यावर बूड बोल्टच्या तोंडापासून तेवढंच पुढे राहतं आणि माप तितकं कमी येतं. दोन्ही केसांचे खांदे मोजून फरक मिळवा, किंवा स्वतःच्या उडालेल्या केसच्या बुडाला ५/१६-३६ आटे पाडून घ्या. आतली दांडी बोटाने अलगद लोटायची. जोर लावला की गोळी लँड्समध्ये घुसते आणि माप वाढतं.

धागाकर्ता

प्रतिसाद १, जुना आकडा धरून बसा असं मी म्हणत नाहीच. पण तुमचा पहिला टप्पाच लँड्सच्या आत आहे. लँड्स कुठे आहेत ते न मोजता १० थाऊ आत कसं जाणार? शिवाय टेकलेल्या गोळीला धावायला जागा नसते, दाब लवकर चढतो. लांब उडीवर (गोळी लँड्सपासून बरीच मागे ठेवून) ठरवलेलं दारूचं वजन तसंच ठेवून गोळी लँड्सना टेकवणं धोक्याचं आहे. दारू कमी करून पुन्हा वर चढत या. आणि न उडालेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहू शकते, मग दारू सगळी ॲक्शनमध्ये (बोल्ट सरकतो त्या भागात) सांडते.

प्रतिसाद १

सुरुवातीला एकदा मोजा, दाबासाठी ते हवंच, मान्य. पण दर दोनशे बारांना पुन्हा मोजून गोळी पुढे काढण्याला माझा विरोध कायम आहे. बंदूक नीट मारत असताना कॅलिपरचं ऐकायचं कशाला?

प्रतिसाद ३

दोघांनीही केसची लांबी सोडली. .३०८ ची कमाल २.०१५ इंच. त्यापुढे वाढलेली केस चेंबरच्या टोकाला भिडली तर तोंड गोळीवर आवळतं आणि दाब एकदम उसळतो. सीटिंग कितीही अचूक असो. खरी जागा मोजायला मान थोडी कापलेल्या केसमध्ये चेंबर लेंथ गेजचा पोलादी प्लग दाबल्यावर सरकेल इतपतच घट्ट बसवा, बोल्ट हळू बंद करा, बाहेर काढून बुडापासून प्लगच्या कडेपर्यंत मोजा. ट्रिम (केस कापून आखूड करणं) मात्र २.००५ लाच करा.