वीजबिलात न दिसणारे उत्सर्जन
वीजवापराच्या तुलनेवरून शहरी घरांचे कार्बन उत्सर्जन ग्रामीण घरांच्या कितीतरी पट असते, असे म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी वीजबिलात चूल दिसत नाही. पारंपरिक चुलीत लाकडातील जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते आणि अर्धवट ज्वलनामुळे कार्बन डायऑक्साइडबरोबरच मिथेन, कार्बन मोनॉक्साइड व काजळीही बाहेर पडते. तोडले तितके लाकूड पुन्हा उगवले, तर त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत साठत नाही, हा युक्तिवाद मान्य; मात्र मिथेन आणि काजळी यांना तो लागू पडत नाही. म्हणूनच जीवाश्म इंधनावर चालणारी गॅसची शेगडीही तापमानवाढीच्या दृष्टीने अनेकदा चुलीपेक्षा उजवी ठरू शकते.

शिवाय युनिटांची संख्या म्हणजे उत्सर्जन नव्हे. कोळशावर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर जलविद्युत किंवा पवनऊर्जेत त्याचा अगदी लहान अंश. माझ्या मते शहर-गाव या भेदापेक्षा कुटुंबाचे उत्पन्न अधिक निर्णायक आहे. थंड हवामानाच्या श्रीमंत देशांत तर सामाईक भिंतींच्या शहरी सदनिका तापवायला गावातील सुट्या घरांपेक्षा कमी ऊर्जा लागते.