हंडा उलटा करून बघा

मुंबईच्या चोरबाजारातलं 'जुनं' सगळं नवंच बनवलेलं असतं असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पितळी होकायंत्रं, दुर्बिणी, कर्ण्याचे ग्रामोफोन यांच्या नादी लागूच नये. 'लंडन' कोरलेलं दिसलं की सरळ पुढे चालू पडावं. पण तांब्या-पितळेच्या भांड्यांत खरा जुना माल निघतो, आणि त्यातला काही आपल्या कोकणातूनच गेलेला असतो. हंडा उलटा करून बघा. जुन्या ठोक्याच्या भांड्याला तळाजवळ दातेरी सांधा दिसतो, नव्या गुळगुळीत मालाला नाही.

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मला एक पितळी शेर, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, मिळाला. काठावर तपासणीचे बारीक ठसे, एकाला चिकटून एक. १९५८ पासून मेट्रिक मापं यायला लागली, म्हणजे हा त्याआधीचा किंवा फार तर त्याच सुमाराचा. सांगितले अडीच हजार, दिला बाराशेला. (शुक्रवारी जाऊ नका, ही दुकानं बंद असतात.) मोठ्या ऐटीत गुहागरला घेऊन गेलो, तर आत्या म्हणते, "मेल्या, असले दोन गेल्या शिमग्याला भंगारवाल्याला किलोवर घातले की!"