क्लाउडवरच्या फायलींना आपलं कुलूप हवं की नको?

सह्यकडा

मागच्या महिन्यात लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, गेली. काही पूर्वसूचना नाही, सकाळी चालू केला तर काळा पडदा. नवी बसवली, लिनक्स टाकलं आणि तासाभरात माझं टर्मिनल, व्हिम (लिहायचा एडिटर), गिट (फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन), एसएसएच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) सगळं होतं तसं उभं राहिलं. डॉटफाइल्स, म्हणजे नावाआधी टिंब असलेल्या त्या लपलेल्या सेटिंगच्या फायली, मी चार वर्षं चेझमॉय हे त्या सांभाळणारं साधन वापरून गिटमध्ये ठेवतोय. घरच्या मशीनवर गिटचा ईमेल वेगळा, ऑफिसच्या मशीनवर वेगळा, हे चेझमॉयच्या टेम्प्लेटमुळे, म्हणजे मशीनप्रमाणे मजकूर बदलणाऱ्या साच्यामुळे, आपोआप होतं. एसएसएचच्या किल्ल्या त्यातच, एज (age) नावाच्या साधनाने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे एजच्या किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या. घरची कागदपत्रं क्लाउडवर आहेत, पण क्रिप्टोमेटरच्या तिजोरीत, म्हणजे फायली वर जाण्याआधी आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट करणाऱ्या फोल्डरात.

माझं म्हणणं असं की क्लाउडवर उघडी फाइल ठेवूच नये. कंपनी सांगते की आमच्या सर्व्हरवर सगळं एन्क्रिप्टेड असतं. असेलही, पण किल्ली तिच्याकडेच असते. आणि आपण लावलेलं कुलूप ओपन सोर्सच हवं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असं. २०२२च्या नोव्हेंबरात ड्रॉपबॉक्सने बॉक्सक्रिप्टर या अशाच कुलपाच्या प्रोग्रामची मालमत्ता विकत घेतली आणि त्याची नवी नोंदणी बंद झाली. लोकांना आपल्याच फायली उलगडून दुसरीकडे न्यायची वेळ आली. क्रिप्टोमेटरची कंपनी उद्या बंद पडली तरी तिजोरीची रचना जाहीर आहे आणि कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. उघडणारं कुणीतरी लिहीलच.

विरोधी मतं हवी आहेत.

गोदाकाठ

डॉटफाइल्सपुरता विरोध करतो. मला ठेवायच्या आहेत सहा-सात फायली. त्यासाठी टेम्प्लेटची वेगळी भाषा कशाला शिकू? ग्नू स्टो सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि घरच्या फोल्डरात फक्त दुवे टाकतो. फाइल उघडली की खरीच फाइल उघडते, नाव बदललेलं नसतं. चेझमॉयमध्ये टिंबाच्या जागी डॉट लिहायचं, खाजगी असेल तर आणखी एक उपसर्ग लावायचा. सहा महिन्यांनी मीच ती नावं वाचताना अडखळेन.

त्याहून गंभीर मुद्दा एसएसएचच्या किल्ल्यांचा. गिट काही विसरत नाही. आज एजची किल्ली सुरक्षित आहे. पाच वर्षांनी ती फुटली आणि तुम्ही सगळं नव्या किल्लीने एन्क्रिप्ट केलं, तरी जुन्या कमिटमधल्या, म्हणजे गिटच्या जुन्या नोंदींमधल्या, प्रती जुन्याच किल्लीने उघडणार. ज्याच्याकडे तुमच्या रिपॉझिटरीची, म्हणजे गिटच्या साठ्याची, प्रत आहे, त्याच्याकडे सगळा इतिहास आहे. एसएसएचची किल्ली नव्या मशीनवर नवी बनवावी, दोन मिनिटांचं काम आहे. ती गिटमध्ये जाताच कामा नये.

सह्यकडा

गोदाकाठ, इतिहासाचा मुद्दा बिनतोड आहे. किल्ली फुटली तर आतली प्रत्येक गोष्ट बदलणं हाच उपाय, आणि तेवढी यादी माझ्याकडे तयार नाही. एसएसएचच्या किल्ल्या आजच बाहेर काढतो. स्टोबद्दल मात्र नाही पटलं. दोन मशीनवर एकच फाइल थोडी वेगळी लागली की स्टोमध्ये दोन प्रती सांभाळाव्या लागतात.

तिसराप्रहर

इथे कुणी बोललं नाही म्हणून सांगते, कारण माझ्या हातून झालंय. मी बॅकअपला आरक्लोन हे क्लाउडवर फायली चढवणारं साधन वापरते. त्याच्या क्रिप्ट प्रकारात फाइलचा मजकूर आणि नाव दोन्ही एन्क्रिप्ट होऊन वर जातात, क्लाउडवर पाहिलं तर नुसती निरर्थक अक्षरं. फार समाधान वाटायचं. मग एके दिवशी डॉटफाइल्सची रिपॉझिटरी सार्वजनिक केली, इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून. त्यात कॉन्फिग फोल्डरमधली आरक्लोनची फाइलही गेली.

त्या फाइलमधला पासवर्ड विचित्र अक्षरांचा दिसतो, म्हणून मला तो एन्क्रिप्टेड वाटला. तो नसतो. तो फक्त झाकलेला असतो, मागून डोकावणाऱ्याला वाचता येऊ नये एवढ्यापुरता. आरक्लोनचीच एक आज्ञा तो सरळ उलगडून दाखवते. शिवाय क्लाउडच्या खात्याचं टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणारा परवाना, त्याच फाइलमध्ये. म्हणजे कुलूपही, किल्लीही आणि घराचा पत्ताही एकाच पाकिटात घालून मी चौकात ठेवलं होतं. अकरा दिवस. लक्षात आल्यावर टोकन रद्द केलं, नवा पासवर्ड घेतला, १८० जीबी पुन्हा वर चढवलं.

त्या फाइलला वेगळा पासवर्ड लावता येतो, पण तो आपणहून लावावा लागतो. तेव्हा सह्यकडा, तुमचे दोन विषय वेगळे नाहीत. क्लाउडच्या कुलपाची किल्ली बहुतेक वेळा डॉटफाइल्समध्येच पडलेली असते.

नववासंकेत

"ओपन सोर्सच हवं" हे वाक्य जपून वापरा. एन्कएफएस हे फायली एन्क्रिप्ट करणारं साधन ओपन सोर्सच होतं आणि वर्षानुवर्षं लोक ते क्लाउडसाठी वापरत होते. २०१४मध्ये त्याची तपासणी झाली. निष्कर्ष काय, तर एकाच फाइलच्या वेगवेगळ्या वेळच्या एन्क्रिप्टेड प्रती हल्लेखोराच्या हाती लागल्या तर त्यावर विसंबू नका. आता क्लाउड म्हणजे दुसरं काय असतं? तो जुन्या आवृत्त्या जपूनच ठेवतो. नेमकं ज्या कामासाठी लोक ते वापरत होते, त्याच कामाला ते कच्चं निघालं.

कोड उघडा असणं वेगळं आणि तो कुणी नीट वाचलेला असणं वेगळं. आणि क्रिप्टोमेटरही सगळं झाकत नाही. किती फायली आहेत, साधारण केवढ्या, कधी बदलल्या, हे बाहेरून दिसतं. तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

गोदाकाठ

नववासंकेत, पण ती तपासणी करता आली ती कोड उघडा होता म्हणूनच ना? त्यानंतर गोक्रिप्टएफएस हे तसंच साधन आलं, ते एन्कएफएसच्या चुका डोळ्यांसमोर ठेवून. बंद कोड असता तर तुम्हाला आज हे उदाहरणसुद्धा देता आलं नसतं.

मीठभाकर

मी या क्षेत्रातली नाही. तरी लिहिते, कारण तुमच्या चर्चेत एक माणूस कुठेच नाही.

माझे दीर दोन वर्षांपूर्वी गेले, वय ४९. त्यांनी असंच सगळं कुलपात ठेवलं होतं. विम्याचे कागद, एफडीचे नंबर, दहा वर्षांचे फोटो. जाऊबाई रोज रात्री जेवणं आटोपली की पासवर्ड शोधायला बसायच्या. मुलीचं नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर, कुलदैवत, पहिल्या घराचा पत्ता. वापरून पाहिलेला प्रत्येक पासवर्ड शंभर पानी वहीत लिहून त्यापुढे फुली मारायच्या. अर्धी वही भरली, मग एक दिवस ती त्यांनी कपाटात ठेवून दिली. विमा आणि बँकेचं काम खेटे घालून झालं. फोटो गेले ते गेलेच.

कंपनी आपल्या फायली बघेल ही भीती तुम्हाला मोठी वाटते. जाऊबाईंना आज विचारा. ते फोटो जगाने पाहिलेले चालतील, पण त्यांना बघायला मिळावेत. आणि त्या कागदांत तरी असं काय होतं? सातबारा तर महाभूलेखवर कुणालाही दिसतो.

सह्यकडा

मीठभाकर ताई, दोनदा वाचलं. त्या वहीचं काय उत्तर देणार?

तरी माझं मत सोडत नाही. सातबारा कुणालाही दिसतो, पण आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि सहीचा नमुना एकाच फोल्डरात उघडे असले तर खातं फुटल्याच्या दिवशी चोराला आणखी काही शोधावं लागत नाही. वडिलांच्या नावावर कुणी कर्ज उचललं तर ते निस्तरण्यात त्यांची वर्षं जातील. म्हणून कागदांना कुलूप हवंच. फोटोंबद्दल तुमचं खरं. ते मी तिजोरीतून बाहेर काढून घरच्या सगळ्यांच्या सामायिक अल्बममध्ये ठेवतो.

चूक कुलपाची नाही, दुसरी किल्ली घरात नसण्याची आहे. क्रिप्टोमेटर तिजोरी बनवताना रिकव्हरी की देतो, साध्या ४४ शब्दांची. पासवर्ड कुणालाच आठवला नाही तरी त्या शब्दांवरून नवा लावता येतो. एजची किल्ली म्हणजे ७४ अक्षरांची एक ओळ, हाताने लिहून ठेवता येते. माझ्याकडे दोन्ही छापून आईच्या कपाटात आहेत, दागिन्यांच्या डब्याखाली.

मीठभाकर

ते ४४ शब्द इंग्रजीत असतील. आईंना ते कशाचे आहेत हे ठाऊक आहे का? तो कागद कुठल्या पडद्यावर, कुठल्या रकान्यात टाकायचा, हे तुमच्याशिवाय घरात कुणी एकदा तरी करून पाहिलंय?

सह्यकडा

नाही. कुणीच नाही.

रविवारी घरी जातोय. धाकट्या बहिणीला तो कागद देतो आणि तिच्या लॅपटॉपवर तिजोरी तिलाच उघडायला लावतो. मी शेजारी बसेन, पण काही सांगणार नाही. ती जिथे अडेल ते त्याच कागदावर मराठीत लिहून काढू. काय झालं ते सोमवारी इथे लिहितो.