लाकडी दस्त्याच्या .२२ रायफलला घरी इपॉक्सी बेडिंग करता येईल का?

प्रश्न – लातूरकर

नमस्कार. माझ्याकडे खेळाच्या परवान्यावरील .२२ बोअरची जुनी बोल्ट ॲक्शन रायफल असून तिचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला की दस्त्याचे दोन्ही स्क्रू सैल पडलेले आढळतात आणि ते आवळले की नेम बदलतो. पावसाळ्यात वेगळाच प्रकार होतो. एरवी ५० मीटरवर २० ते २५ मिलिमीटरमध्ये मावणारा गोळ्यांचा पुंजका तेव्हा वर सरकतो आणि उभा पसरतो. काडतुसे एकाच लॉटची आहेत, दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू घट्ट आहेत आणि नळी स्वच्छ आहे, हे मी तपासून पाहिले आहे.

ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून डागणारा धातूचा भाग, दस्त्यात जिथे टेकतो ती बैठक इपॉक्सीने भरून घेतल्यास (यालाच बेडिंग म्हणतात) हा त्रास थांबतो, असे ऐकले आहे. आमचे घर सुतारकामाचे असल्याने पटाशी आणि कानस हाताला सवयीची आहेत. हे काम घरी करावे का, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे दोन ट्यूबांचे इपॉक्सी चालेल का, आणि ॲक्शन कायमची चिकटून बसण्याचा धोका कितपत असतो, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – नांदेडहून

तंत्राकडे वळण्यापूर्वी कायद्याचा भाग पाहून घ्यावा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची निर्मिती आणि विक्री यांप्रमाणेच त्याची दुरुस्ती आणि त्यात बदल करणे यांसाठीही स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा आपला परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. लाकूड कोरून ॲक्शनची बैठक नव्याने घालणे म्हणजे केवळ साफसफाई आहे, असा युक्तिवाद कुणी करीलही. परंतु तो युक्तिवाद पोलीस ठाण्यात करण्याची वेळ आपल्यावर का येऊ द्यावी? .२२ चे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे, त्याची पावती जपून ठेवावी आणि शक्य असल्यास काम चालू असताना तिथे हजर राहावे.

हात बसवायचाच असेल, तर परवान्यातून सूट असलेली, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा मोठा बोअर नसलेली आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेली, लाकडी दस्त्याची एअर रायफल घ्यावी. काम तेच असते आणि चूक झाली तर नुकसान थोडक्यात आटोपते.

उत्तर – जुना फिटर, वाळूज

नांदेडच्या मित्रांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यामुळे पुढचे सगळे मी अशा हेतूने लिहीत आहे, की ते तुम्हाला एअर रायफलवर स्वतः करून पाहता यावे आणि .२२ चे काम कारागिराकडे दिल्यावर त्याने काय केले, काय वगळले, हे तपासता यावे.

प्रथम आपल्या लक्षणांचा अर्थ लावू. लाकूड लांबीच्या दिशेने फारसे हलत नाही, पण आडव्या दिशेने ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आखडते. पावसाळ्यात फुगणारा दस्ता स्क्रूचे डोके आणि ॲक्शन यांच्यामध्ये कोंडला जातो, त्यामुळे तेथील तंतू चेंगरतात. हे चेंगरलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत आणि उन्हाळ्यात लाकूड आखडले की तेवढी फट मोकळी होते. तुमचे स्क्रू सैल होण्याचे कारण हे आहे. दरवर्षी ते अधिक जोराने आवळत गेल्यास तंतू आणखी चेंगरतील, म्हणून या त्रासावर इपॉक्सीपेक्षाही महत्त्वाचा उपाय म्हणजे स्क्रूच्या छिद्रात बसवायच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, ज्यांना पिलर म्हणतात. स्क्रूचा सगळा दाब या नळ्यांवर येतो आणि लाकूड त्यातून सुटते. पिलरचे भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे हवे, कारण स्क्रूचा दांडा पिलरच्या भिंतीला टेकला तर गोळी सुटताना लागणारा धक्का स्क्रूवर येतो.

पुंजका वर सरकून उभा पसरण्याचे कारण बहुधा निराळे आहे. दस्त्याचे पुढचे टोक ओलाव्याने वाकून नळीला खालून टेकत असावे. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालून ती ॲक्शनपर्यंत मोकळी सरकते का, हे आत्ता पाहा आणि भर पावसाळ्यात पुन्हा पाहा. ती अडकत असेल तर नळीची खोबण मोकळी करणे हेच खरे काम आहे; बेडिंग कितीही सुरेख केले तरी अडणारी नळी अडतच राहील.

आता बैठक मुळात बिघडली आहे का, याची चाचणी. बोल्ट काढून, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, रायफल उभी धरावी. डायल गेजचा, म्हणजे सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा, पाया नळीवर आणि टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक हलला तर ॲक्शन वाकून बसवली जात आहे असे समजावे. डायल गेज नसल्यास नळी आणि दस्ता यांच्या फटीवर बोट ठेवूनही मोठी हालचाल कळते. ही चाचणी केल्याशिवाय पटाशी हातात घेणाऱ्या कारागिराकडे मी माझी रायफल देणार नाही.

इपॉक्सी येथे चिकटवण्यासाठी नसते, हे मनात पक्के असू द्यावे. साच्यात माती दाबून ठसा घ्यावा तसा ॲक्शनच्या तळाचा ठसा त्यात घ्यायचा असतो. त्यासाठी बैठकीतील लाकूड दोनेक मिलिमीटर कोरावे लागते, मात्र मूळ पातळी टिकवणारे एक-दोन बिंदू तसेच ठेवावेत, नाहीतर ॲक्शन खाली बसून नळी तिरकी होते. जुन्या रायफलीत वर्षानुवर्षांचे तेल लाकडात मुरलेले असते आणि तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. म्हणून तो भाग ॲसिटोनने पुन्हा पुन्हा पुसून पूर्ण सुकवावा. ट्रिगर आणि मॅगझिन आधी काढून ठेवावेत. ॲक्शनची सगळी छिद्रे व खाचा मुलांच्या खेळण्यातील रंगीत मातीने बुजवाव्यात आणि पृष्ठभागावर मेण किंवा मेणयुक्त बूट पॉलिश पातळ थरात लावून कापडाने घासावे. रिकॉइल लग, म्हणजे गोळीचा धक्का दस्त्यावर देणारा ॲक्शनखालचा उंचवटा, असेल तर त्याच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या अंगाला चिकटपट्टीचा एक थर द्यावा, म्हणजे काम झाल्यावर लगची केवळ मागची बाजू टेकलेली राहते.

यानंतरची चूक मी अनेकांच्या कामात पाहिली आहे. ॲक्शन इपॉक्सीत ठेवल्यावर स्क्रू आवळून ती खाली ओढली जाते. असे केल्यास ॲक्शन वाकलेल्या अवस्थेत ठसा घट्ट होतो आणि ज्या ताणासाठी हा सगळा खटाटोप केला तोच ताण कायमचा राहतो. डोके कापलेले स्क्रू केवळ दिशा दाखवण्यासाठी वापरावेत आणि ॲक्शन सायकलच्या ट्यूबची पट्टी हलक्या हाताने गुंडाळून जागेवर धरावी. जोडणी झाल्यावर स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या ठरावीक जोरानेच, आवळावेत.

उत्तर – परभणीहून

इपॉक्सीच्या निवडीबद्दल थोडे. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार घेऊ नये, कारण ॲक्शन नीट टेकवेपर्यंत तो हातातच जमू लागतो. ॲरल्डाइटचा संथ प्रकार किंवा पोलादाची भुकटी मिसळलेले औद्योगिक इपॉक्सी चांगले. एम-सीलसारखी मळून लावायची लुगदी या कामाला नको. ती दाबाखाली पातळ होऊन बाहेर सरकत नाही आणि ॲक्शन उचलून धरते. दोन भागांचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. कडक व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातल्यास उलट मऊपणा राहतो. हातमोजे घालावेत, कारण न जमलेल्या इपॉक्सीने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब मात्र परदेशी माहितीत सापडत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की जमण्याची क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, त्यामुळे २५ अंशांना मिळणारा वेळ मे महिन्यातील दुपारी तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतो. काम पहाटे करावे, शक्य झाल्यास हिवाळ्यात. दुसरे असे, की खोलीच्या तापमानाला जमणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते, आणि बंदूक तशी सोडून जाणे इतर कारणांनीही अयोग्यच आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या भागात दस्त्याला जवसाचे तेल लावण्याची रीत आहे. त्याने लाकूड देखणे दिसते, पण हवेतील ओलावा फारसा अडत नाही. बैठक आणि नळीची खोबण आतून पॉलियुरेथेन वॉर्निशने बंद केल्यास पावसाळ्यातील फुगणे बरेच मंदावेल.

लातूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदाची पट्टी दस्त्याच्या टोकापासून तीन-चार बोटांवरच अडकली, त्यामुळे वाळूजच्या काकांचा अंदाज बरोबर दिसतो. .२२ परवानाधारक कारागिराकडेच देईन. एअर रायफलवर प्रयोग करण्यापूर्वी एक शंका: तिचा अंगचा भाग पूर्ण गोल आहे. इपॉक्सी किती उंचीपर्यंत येऊ द्यावे?

जुना फिटर, वाळूज

गोल अंगाच्या निम्म्या उंचीच्या किंचित खालीच थांबावे. मध्यरेषेच्या वर इपॉक्सी चढले तर ते वरून अंगाला वेढते आणि मेण कितीही लावले तरी वस्तू सुटत नाही. चिकटून बसल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ अशा कुलपात असते, चिकटण्यात नसते. दस्त्याच्या वरच्या कडांना बाहेरून चिकटपट्टी लावा आणि वर आलेला माल जमण्यापूर्वीच प्लास्टिकच्या पट्टीने काढून टाका. पूर्ण एक दिवस जाऊ द्या. त्यानंतरही सुटत नसेल तर हातोडी घेऊ नका. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, धातू लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतो आणि पुष्कळदा जोड आपोआप सुटतो. ट्रिगर परत बसवल्यावर त्याच्या खाचेत इपॉक्सीचा कण राहिलेला नाही आणि सेफ्टी पूर्ण चालते, हे छर्रा भरण्याआधी पाहून घ्या. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, तेव्हा सुरुवातीच्या सरावात स्क्रू मधूनमधून तपासत राहावे लागतील.