प्रतिसाद: धुराचा किडनीशी संबंध

धुरामुळे किडनीचा कर्करोग होतो का, या चर्चेत एका ताईंनी विचारलंय, "धूर जातो फुफ्फुसात, मग किडनीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. धुरातले सगळ्यात बारीक कण फुफ्फुसात थांबत नाहीत, रक्तात उतरतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो, म्हणजे रक्तात मिसळलेलं सगळं त्यांच्यापुढे येतंच.

तरीही घाबरवून सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारक ठरवलं, ते फुफ्फुसाच्या कर्करोगावरून. मूत्राशयाच्या कर्करोगाशीही संबंध दिसला. किडनीच्या कर्करोगाबद्दल संशय आहे, पक्का पुरावा नाही. तिथे सिगारेट-विडी, लठ्ठपणा आणि बीपी ही सिद्ध झालेली कारणं.

पण म्हणून हवेकडे दुर्लक्ष करायचं का? मुळीच नाही! आमचं जळगाव केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, ते उगाच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात आई गच्चीवर धोतरावर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालते. मागच्या शिवारात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवल्या की संध्याकाळपर्यंत ओल्या बिबड्यांवर काळी कुसळं चिकटलेली असतात. बिबड्या टाकून देता येतात हो, श्वासाचं काय? पऱ्हाट्या जाळण्यापेक्षा कुट्टी करून शेतातच गाडा, जमिनीलाही बरं.

आणि लघवीतून रक्त दिसलं (ते या कर्करोगांचं लक्षण असू शकतं), दुखत नसलं तरी, "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, सोनोग्राफी करून घ्या.