देवकुंड, अंधारबन आणि ओढ्याकाठच्या वाटा: तुमचा अनुभव लिहा

गणपती उठले की पुण्यातल्या ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: देवकुंड उघडलं का? पावसाळ्यात तिथे मनाईचा आदेश असतो. पाऊस ओसरला की वाट खुली होते आणि रविवारी पहाटेपासून चांदणी चौकातून गाड्या ताम्हिणी घाटाकडे लागतात. देवकुंडच्या धबधब्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण तिथवरची वाट कशी आहे हे फार कमी जण सांगतात. ओढा कुठे ओलांडावा लागतो, पाणी चढलं तर काय करायचं, आईवडिलांना झेपेल का, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल तसं लिहा. जवळपासच्या दुसऱ्या वाटाही चालतील.

सुरुवात मी करते. ताम्हिणी उतरून विळे, तिथून पाटणूसवरून भिरा. गावात नाव नोंदवून वाटाड्या घ्यायचा. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर चाल होते. आधीचा बराच वेळ भिऱ्याच्या धरणाचं पाणी सोबतीला असतं आणि वाट जवळपास सपाट. त्यामुळे मंडळी गप्पा मारत भराभर निघतात आणि पाणी पिऊन संपवतात. नंतर जंगल, ओढे आणि शेवटी नुसते धोंडे. या धोंड्यांवर मात्र घाई नको. एका धोंड्यावर मी हात ठेवून पाहिला: वरचा भाग कोरडा, उन्हाने तापलेला, आणि पाण्याकडची कड ओल्या साबणासारखी. पाय नेमका त्या कडेवरच पडतो. आम्ही पोचलो तेव्हा ऊन फक्त वरच्या कड्यावर होतं, खाली तुषारांनी कपडे भिजत होते, आणि शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

वारज्याहून

आमचा अनुभव कुंडापर्यंत न पोचण्याचा आहे. ऑक्टोबरची सुरुवात, लख्ख ऊन, आमच्या आसपास पावसाचा थेंब नाही. एका ओढ्याशी आलो तर वाटाड्या थांबला आणि घाटमाथ्याकडे बघत राहिला. तिथे काळं दाटून आलं होतं. त्याने एक वाळकी काठी तोडली आणि पाण्याच्या कडेला, बरोब्बर रेषेवर रोवली. आम्ही चिवडा खात बसलो. थोड्या वेळाने काठीचं बूड पाण्यात गेलं होतं, मग वीतभर काठी गेली. पाण्याचा रंगही बदलला, चहासारखा नाही पण मातकट, आणि पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या. तो म्हणाला, "चला, आज इथनंच."

ग्रुपमधले दोघे-तिघे नाराज झाले. पाणी तर गुडघ्यापर्यंतच आहे, साखळी करून जाऊ, असं चाललं होतं. त्याने ऐकून घेतलं नाही. परतीच्या वाटेवर, येताना ज्यात बूटही नीट भिजले नव्हते तो छोटा ओहोळ आम्ही हात धरून ओलांडला. त्यापुढे कुणी काही बोललं नाही. गावात त्याने अर्धे पैसे परत द्यायला काढले, आम्ही घेतले नाहीत. उलट त्या दिवशी त्याने पूर्ण काम केलं होतं.

घाटमाथ्यावरचा पाऊस म्हणजे काय, हे आकड्यातून समजतं. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिमी नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिमी पडतो. कातळ उघडा, उतार उभा, पाणी मुरायला जागाच नाही. वर पडलेलं सगळं ओढ्यात येतं.

भिऱ्याहून

मी इथलाच. पर्यटकांना घेऊन जातो. वरच्या ताईंनी, दादांनी लिहिलं ते बरोबर आहे.

आमच्याकडून एवढंच, की सकाळी लवकर या. दुपारी एक वाजता गाडीतून उतरून "पटकन जाऊन येतो" म्हणणारे रोज भेटतात. अंधार पडला की त्यांना शोधायला आम्हीच बॅटऱ्या घेऊन जातो. दुसरं, कुंडात पोहण्याचा हट्ट करू नका. "मला पोहायला येतं" असं सगळे सांगतात. टाकीतलं पाणी उभं असतं हो. इथे वरून पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि मधे खोली किती ते दिसत नाही. गार पाण्याने पोटऱ्यांत गोळे येतात. दारू पिऊन आलेल्याला मी नेत नाही, मग तो शिव्या देतो, देऊ दे.

जेवण सांगायचं असेल तर जातानाच गावात आमच्या घरी सांगून जा. तांदळाची भाकरी, पिठलं, भात असतो. माणसं किती ते नक्की सांगा. वीस सांगून आठ आले की घरच्या बायकांची मेहनत वाया जाते. आणि वेफर्सची पाकिटं परत न्या. ती ओढ्यातून आमच्याच शेताकडे येतात.

औंधहून

आम्ही साठी ओलांडलेल्या मैत्रिणी, अंधारबन केलं. पिंप्री गावापासून सुरुवात, मग हिरडी, आणि तिथून खाली भिऱ्याला. तेरा-चौदा किलोमीटर, पण बहुतेक उतरणच. चढ नाही म्हणून सोपं समजून येणाऱ्यांनी गुडघ्यांचा विचार करावा. हातात काठी हवीच. गाडी दुसऱ्या टोकाला पाठवायची सोय आधी करा, नाहीतर सगळा डोंगर पुन्हा चढावा लागेल.

जंगल नावासारखंच. एका बाजूला कुंडलिकेची दरी अचानक उघडते, पुन्हा झाडी मिटते. कस्तुर पक्ष्याची शीळ सतत ऐकू येत होती. अगदी माणसाने वाजवावी तशी, म्हणून आमच्यातली एक मागे वळून "कोण रे?" म्हणाली. एका ठिकाणी शेकरूने फांदीवरून फांदीवर झेप घेतली आणि खाली पानांचा सडा पडला. स्पीकर लावून चाललेला एक ग्रुप पुढे गेला, त्यानंतर बराच वेळ काहीच दिसलं नाही. मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांना मी थांबवते, वाईट वाटलं तरी चालेल.

सदाशिव पेठेतून

वाटेत दिसणाऱ्या भिऱ्याच्या पाण्याबद्दल थोडं. ते बरंचसं मुळशीचं आहे. मुळा नदी पूर्वेला पुण्याकडे वाहणारी. टाटांनी मुळशीला धरण बांधून तिचं पाणी बोगद्याने सह्याद्रीपलीकडे नेलं आणि भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. वापरलेलं पाणी कुंडलिकेतून कोकणात जातं, कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं. या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले. घाटात गाडी थांबवून जलाशयाचा फोटो काढणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. ती गप्प उभी राहून ऐकतात.

हडपसरहून

30 जून 2024 ला लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात, आमच्या भागातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तीही सहलच होती, रविवारची. तेव्हापासून आम्ही पाऊस चालू असताना ओढ्यात उतरत नाही, काठावरून बघतो.

चिंचवडहून

नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन देवकुंडला डिसेंबरात गेलो. ओढे बहुतेक ठिकाणी दगडांवरून, पाय न भिजवता ओलांडता आले. धबधबा बारीक झालेला, पण कुंडाचं पाणी निवळशंख, काठाजवळचा तळ दिसत होता. गर्दीही कमी. ती दमली शेवटच्या धोंड्यांत, तिथे तिला पुढे ठेवून मी मागे राहिलो. बूट रबरी तळाचे, पकड असलेले घ्या. सँडलमध्ये आलेल्या दोन मुलांचे पट्टे आमच्यासमोर तुटले. गावापुढे आमच्या फोनला रेंज नव्हती, तेव्हा घरी कधी परतणार ते भिऱ्यातूनच कळवून ठेवा. कुणी फेब्रुवारीत गेलं असेल तर पाणी किती उरतं ते सांगा, आजीला घेऊन जायचं आहे.