सहा वर्षांची मुलगी, व्हायोलिनचा सराव: पालकाने नेमकं काय बघायचं?

प्रश्न: मुलीकडे १/४ मापाचं व्हायोलिन आहे, शिकवणी आठवड्यातून एकदा. मला वाजवता येत नाही. गज फिरवला की करकर येते आणि "नीट वाजव" म्हटलं की रुसवा. घरी सराव कसा घ्यावा?

प्रतिसाद १: आधी माप तपासा. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात लांब केल्यावर, कोपर किंचित वाकलेलं असताना बोटांनी टोकाची गुंडाळी सहज वेढता यायला हवी. हात ताणावा लागला तर १/८ घ्या. "पुढे पुरेल" हा हिशेब कपड्यांत ठीक!
करकर बहुतेक वेळा दाबामुळे किंवा गज घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) समांतर न चालल्यामुळे येते. आरशासमोर उभं करा, तिरपेपणा तिला स्वतःला दिसतो. सुरुवातीला गजाचा मधला भागच वापरू द्या. रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) फार झालं तरी आवाज खरखरतो. तारांवरची पांढरी भुकटी कोरड्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद २: "नीट" म्हणजे काय, हे मुलाला कळत नाही. "अंगठा वाकलेला ठेवून चार वेळा गज फिरव" असं सांगा. एका वेळी एकच दुरुस्ती. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकींच्या पद्धतीत पालक आधी स्वतः थोडं वाजवायला शिकतो. तुम्हीही शिका, तक्रारी निम्म्या होतील.

प्रतिसाद ३: सूर लावणं तुमचंच काम. ए तार (बारीककडून दुसरी) ४४० हर्ट्झला. वरच्या टोकाची, तार गुंडाळलेली खुंटी आत दाबत फिरवा, नाहीतर घसरते. किरकोळ फरक तारेच्या खालच्या टोकाच्या बारीक स्क्रूने काढा. ई तार, म्हणजे सगळ्यात बारीक, पटकन तुटते, चेहरा लांब ठेवा. सरावानंतर गजाचे केस सैल करायचे.